एकवीस पावलं चाललेला शिवेचा दगड

मित्रांनो, ही गोष्ट तुमच्यापैकी एकालाही खरी वाटणार नाही, हवी तर पैज लावा. मी एक जुना दगड आहे, दोन राज्यांच्या शिवेवरचा, आणि मी आयुष्यात एकदा चाललो आहे. मोजून एकवीस पावलं. तेव्हापासून पलीकडचं राज्य तेवढं लहान झालं आहे. नकाशे काढणाऱ्यांना अजून पत्ता नाही.

माझा जन्म खाणीतला. पाथरवटाने माझ्या पोटावर एका राज्याचं अक्षर कोरलं, पाठीवर दुसऱ्याचं, मला थोपटलं आणि बजावलं की तुझ्या कामात हलायचं नसतं, एवढंच ध्यानात ठेव. मग मला कमरेपर्यंत माळावर गाडलं. दरवर्षी दोन्हीकडचे अधिकारी येत, आपापली बाजू रंगवत आणि असा ताठ दगड साऱ्या शिवेवर दुसरा नाही म्हणत. मी फुगायचो. दगड फुगत नाही असं म्हणणाऱ्याने कधी दगड होऊन पाहिलेलं नसतं.

मग विजेच्या तारा टाकणारी टोळी आली. अलीकडच्या राज्यातली कंपनी, अलीकडचेच कामगार. त्यांचे मनोरे कधी शिवेच्या अलीकडे, कधी पलीकडे. कामगारांचा अपघात विमा होता, पण तो शिवेपाशी थांबायचा. माणूस पलीकडे पाठवायचा तर आधी पाठवणीची चिठ्ठी विमा कचेरीत पोचायला हवी: कोण जातो, कशासाठी, कधी परतणार. चिठ्ठी पोचली की विमा त्या माणसामागून पलीकडे जायचा. मुकादम या चिठ्ठ्या शनिवारी एकदम लिहायचा. दिवसातून चारदा शीव ओलांडायची, तर काय चारदा टपाल घालू, असं त्याचं म्हणणं. माणूस तसा वाईट नव्हता.

टोळीत एकजण खारीसारखा भरभर चढायचा. सगळे त्याला खारूभाऊ म्हणत. त्याची बायको खाली विंच मशीनवर असायची, वरच्याला लागणारं सामान दोराने वर पाठवायची. सगळ्या टोळीची ती वहिनी. दीड वर्षाची मुलगी सासूकडे ठेवून आली होती. दोघंही माझ्या पाठीला टेकून डबा खायचे आणि ही लाइन संपली की एका जागी घर करायचं, असं ठरवायचे. दर मनोऱ्याला नव्याने ठरवायचे.

एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला पट्ट्याची कडी सुटली आणि खारूभाऊ पडला. माझ्यापासून वीस पावलं पलीकडे. मी अर्धा जमिनीत आहे, मित्रांनो. मला आवाज अंगाने ऐकू येतो. धप्प. एवढाच.

चार दिवसांनी विम्याचा तपासनीस आला. तो मवाळपणे बोलला, त्यानेच जास्त भीती वाटली. चिठ्ठी नव्हती, तेव्हा पलीकडे पडलेला माणूस अलीकडच्या विम्याचा नव्हता. पलीकडच्यांना विचारलं होतं, तर ते म्हणाले, आमच्याकडे या नावाचा कुणी कामालाच नव्हता.

वहिनी ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "साहेब, मग तो पडला कुठे?"

तपासनिसाने टोपी काढली आणि पुन्हा घातली. मोजल्याशिवाय लेखी देता येत नाही, सोमवारी फीत घेऊन येतो, म्हणाला. तो गेल्यावर ती मुकादमाकडे वळली.

"भाऊजी, तो काय हौसेने गेला होता तिकडे?"

"नाही वहिनी. मीच पाठवला." मुकादमाने खिशातून कोऱ्या चिठ्ठ्यांचं पुडकं काढलं, बराच वेळ बघितलं आणि परत खिशात ठेवलं.

आता विश्वास न बसण्याजोगं सांगतो. त्या मंगळवारनंतर रोज सव्वाअकराला जमिनीत पुन्हा तोच आवाज यायचा. धप्प. पडलेलं कुणीच नसायचं. कामगारांच्या पेल्यातला चहा हलायचा, ते एकमेकांकडे बघायचे. मग मनोऱ्याच्या पायथ्यापासून एक सावली निघायची. आखूड, भरउन्हातली, आणि तिच्यावर माणूस नाही. ती माझ्याकडे यायची आणि हातभर अंतरावर थांबायची. अपुरा कागद घेऊन कचेरीच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखी घुटमळायची. मग माघारी जायची.

रविवारी वहिनी मला टेकून बसली होती. सावली आली, थांबली. वहिनी घाबरली नाही. तिने हात पुढे केला, तर हाताची सावली या सावलीत मिसळली आणि गवत थंड पडलं. ती हळूच म्हणाली, "अहो, या ना इकडे. एवढ्याशासाठी थांबलात?"

सावली आली नाही. तिला येता येत नव्हतं. आडवा मी होतो.

मित्रांनो, दगडालाही लाज असते. सोमवारी पहाटे धुकं पडलं, इतकं दाट की माझ्या दोन्ही बाजूंचे रंग दिसेनात. मी श्वास घेतला, जमीन सोडली आणि चालू लागलो. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, पिंप हलवतात तसा. एकवीस पावलं. मनोरा ओलांडून पलीकडे जाऊन रुतलो. माझ्या अंगाला काहीतरी घासून गेलं, घरी जाणाऱ्या माणसाच्या घाईने.

नऊला तपासनीस आला. पुढचा-मागचा दगड धुक्यात दिसत नव्हता, म्हणून त्याने माझ्यापासूनच फीत धरली. मनोरा अलीकडे भरला. त्याने दोनदा मोजलं, माझ्या बुडाच्या ओल्या मातीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि लिहिलं: अलीकडे. तेवढा वेळ मुकादम गवतात माझ्या जुन्या जागी पाय रोवून उभा होता. तपासनिसाने दोनदा हाक मारली तरी हलला नाही. त्या दिवशी सव्वाअकराला पेल्यातला चहा हलला नाही.

वहिनीने एका जागी घर केलं. टोळी पुढे गेली. मुकादम म्हणे त्यानंतर रोजची चिठ्ठी रोज टाकायचा, पाऊलभर जायचं असलं तरी. मला आता कुणी रंगवत नाही. शेळ्या अंग घासतात, एवढाच काय तो मान. तरी माझं एवढं ऐका. उद्या तुम्ही मोठे व्हाल, माणसं कामावर पाठवाल. ती शीव ओलांडण्याआधी त्यांचा कागद ओलांडू द्या. प्रत्येक ठिकाणी चालणारा दगड मिळत नाही.

टाळ्या वाजल्या. वाजायलाच हव्या होत्या. पण मागे बसलेली एक मुलगी, दोन वेण्यांची, वाजवत नव्हती. ती उठून जवळ आली, माझ्या पाठीवरच्या अक्षरावर तिने हात ठेवला.

"खोटं बोलतोस तू," ती म्हणाली. "तू नाही चाललास. विंच लावलं असतं तर सगळी टोळी जागी झाली असती, म्हणून माझ्या आजीने आणि मुकादमआजोबांनी तुला हातांनी ओढलं. तिची बोटं अजून सरळ होत नाहीत."