मातीला फुटलेला पाझर

"फुटला! मातीला पाझर फुटला!" गर्दी ओरडली.

लोकांना वाटलं, पाझरबाबांच्या हाकेने मातीचं मन द्रवलं. आमच्या कामात मात्र पाझर म्हणजे धोका. खडीची जुनी खाण भरून तिथे बाग करायचं काम माझ्याकडे होतं. आम्ही घातलेलं कुंपण भक्तांनी कधीच मोडलं होतं. आणि भरावाच्या त्या उभ्या उताराखाली, पहिल्या रांगेत, बाटली घेऊन माझी सख्खी आई बसली होती. त्या पाण्याने मोतीबिंदू जाणार होता म्हणे!

पाझरबाबा महा वस्ताद. डोळे मिटून "ये गं माये, लेकरं तहानली" असं आळवायचे, मांडी हलवायचे, की धार सुरू. थोड्या बाटल्या भरल्या की "माया आटली" म्हणत धार बंद. दर वेळी मांडी हलायचीच.

मी उताराच्या माथ्यावर जाऊन आले. कालची केसाएवढी भेग आज हात जाईल एवढी झाली होती. तशीच खाली धावले.

"आई, ऊठ. उतार खाली येतोय!"

"चारचौघांत तमाशा करू नकोस."

"अगं, मरशील!"

"बाबा बसलेत ना इथे? मग?"

मी सरळ बाबांची चटईच ओढली. खाली आमचाच निचऱ्याचा पाइप! तोंडात चिंध्यांचा बोळा, बोळ्याला दोरी, दोरी बाबांच्या पायाच्या अंगठ्याला.

"बघा! बाहेर जायचं पाणी हा आत तुंबवतो. भिजून भिजून माती सुटत चाललीय!"

लोक माझ्याच अंगावर आले. मी बोळा उपटला. पाणी आलं ते गढूळ, आतली माती घेऊन. बाबांनी ते पाहिलं मात्र, कफनी सावरत धूम ठोकली.

आईने पळणाऱ्या बाबांकडे पाहिलं. "अगंबाई!" म्हणाली आणि उठली. मग सगळेच पळाले.

आम्ही रस्ता गाठला तोच मागे धडधडाट झाला. चटई, बाटल्या, आईची जागा, सगळं मातीखाली गेलं होतं.

आई मला बिलगली. "मला वाटलं गं, मातीला दया आली."

आजही ती जागा आठवली की अंगावर काटा येतो. म्हणून सांगते, कुठे पाझर फुटला तर नमस्कार मागाहून करा. आधी पाणी कुठून येतंय ते विचारा, आणि तिथे कुणी बसलेला असेल तर त्याला चटई उचलायला सांगा.