एका ओळीला एकच नाव

रोसिना बेंतांकोरने ते कोठार तीन वर्षांपूर्वी उभं केलं, तेव्हा तिला त्याचा फार अभिमान होता. खरं नाव डेटा वेअरहाऊस. पण मॉन्तेविदेओच्या त्या ऑफिसात सगळे त्याला कोठारच म्हणायचे. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी ती दीडशे माणसांची कंपनी. कुणी कुठलं काम घेतलं, किती दिवसांत संपवलं, त्यात किती चुका निघाल्या, हे सगळं चार ठिकाणी विखुरलेलं असायचं. वरून कुणी काही विचारलं की दोन दिवस नुसती शोधाशोध. रोसिनाने ते सगळं एका जागी आणलं.

त्याचा आराखडा तिने यामांडू ऑलिव्हेराच्या शेजारी बसून काढला. यामांडू सत्तावन्न वर्षांचा, ऑफिसातला सगळ्यात वयस्कर प्रोग्रामर. रोसिना कॉलेजातून नुकतीच आली होती तेव्हा तिला हाताला धरून शिकवलं ते त्यानेच. सगळे त्याला म्हातारबा म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई. काखेत थर्मास, हातात ‘माते’ या तिकडच्या कडू हिरव्या चहाचा पेला, आणि ज्याचं काम अडलं असेल त्याच्या टेबलाशी ओढलेली खुर्ची, असा तो दिवसभर दिसायचा.

“आधी एक ठरव पोरी,” तो म्हणाला होता. “एक ओळ म्हणजे काय? बाकी सगळं त्याच्या मागून येतं.”

रोसिनाने ठरवलं, एक ओळ म्हणजे एक पूर्ण झालेलं काम. मधे या ओळींचं एक मोठं कोष्टक. त्याच्या भोवती लहान कोष्टकं: माणसांचं, प्रकल्पांचं, तारखांचं, कामाच्या प्रकारांचं. माणसांच्या कोष्टकात प्रत्येकाला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा. कुणी एका गटातून दुसऱ्या गटात गेलं की जुनी नोंद तारीख घालून बंद करायची आणि नवी उघडायची, म्हणजे मागचे अहवाल खोटे पडत नाहीत.

यामांडूने कागद उलटसुलट करून पाहिला. “आणि एक काम दोघांनी केलं तर?”

“ज्याने ते बंद केलं त्याचं नाव.”

“आणि दुसरा?”

“त्याच्यासाठी मधे आणखी एक कोष्टक लागेल. एका कामाला हवी तेवढी माणसं जोडता येतील असं. पुढच्या तिमाहीत करते ना.”

“पुढच्या तिमाहीत. म्हणजे माझ्या नातवाच्या लग्नाला.”

“तुला नातू कुठाय?”

“तेच म्हणतोय मी.”

दोघंही हसली. रोसिनाने ते काम आपल्या यादीत लिहून ठेवलं. ते पुढे ढकललं गेलं, एकदा, दोनदा, अकरा वेळा. दर वेळी कुणाला तरी काहीतरी जास्त घाईचं हवं असायचं. आणि अहवाल तर छान चालले होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर रंगीत आलेख हलायचे आणि पाहुणे आले की त्यांना ते आधी दाखवले जायचे.

तीन वर्षांनी, मे महिन्यात, कंपनी विकली गेली. नवे मालक बाहेरचे. ते कधी दिसले नाहीत, त्यांची पत्रं यायची. जूनच्या पहिल्या सोमवारी, तिकडचा हिवाळा लागत असताना, विभागप्रमुख हर्मान रिस्सोने रोसिनाला आत बोलावलं. हर्मान वाईट माणूस नव्हता. पण त्या महिन्यात त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

“दोन वर्षांत कुणी किती कामं पूर्ण केली, त्याची यादी हवीय त्यांना,” तो म्हणाला. “वरून खाली. गुरुवारपर्यंत.”

“कशासाठी?”

“तुला कळत नाही का रोसिना?”

तिला कळलं. यादी काढायला चार मिनिटं लागली. खालून तिसरं नाव यामांडूचं होतं.

तिने आकडे पुन्हा तपासले. आकडा चुकीचा नव्हता. दोन वर्षांत त्याने स्वतःच्या नावाने बंद केलेली कामं खरंच कमी होती, आणि महिन्यागणिक आणखी कमी होत गेली होती. ती तशीच उठून हर्मानकडे गेली.

“ही यादी अर्धवट आहे. म्हातारबा दिवसभर दुसऱ्यांची कामं सोडवत असतो. ते यात येत नाही.”

“मग आण त्यात.”

“कोठारात त्याला जागाच नाहीये. एका ओळीला एकच नाव आहे. मला सहा आठवडे दे.”

“गुरुवार,” हर्मान म्हणाला. मग, “खाली एक टीप लिही. मी पाठवतो.”

तिने टीप लिहिली: या यादीत इतरांना केलेल्या मदतीची मोजदाद नाही. बुधवारी संध्याकाळी तिने यादी पाठवली. हर्मानने ती सादरीकरणात घातली. पानावर जागा पुरेना, म्हणून कुणीतरी टीप काढून टाकली. ती कुणी काढली हे शेवटपर्यंत कळलं नाही.

ते तीन दिवस यामांडू रोजच्यासारखा तिच्या टेबलाशी येत होता. पेला भरून आधी तिच्या हातात देत होता. मंगळवारी त्याने बायकोची, एलिदाची, तक्रार सांगितली: “माझ्या घोरण्याला कंटाळून आता ती कुत्र्याच्या खोलीत झोपते, आणि कुत्रा माझ्याकडे. तो तर माझ्याहून जास्त घोरतो.” रोसिना हसली. आपण हसलो कसं, हे तिला पुढे कितीतरी दिवस उमगलं नाही. सांगावंसं तिला वाटत होतं. पण अजून काही ठरलेलं नाही, उगाच माणूस हादरेल, असं ती मनाला समजावत राहिली. आणि पेला रिकामा करून परत देत राहिली.

पुढच्या शुक्रवारी अकरा जणांना एकेक करून आत बोलावलं. यामांडू दहा मिनिटांत बाहेर आला. सामान फारसं नव्हतंच. तो ते पिशवीत भरत असताना रोसिना त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली.

“यादी तुझ्या कोठारातून निघाली ना?” त्याने विचारलं.

“हो.”

“कितवा होतो मी?”

“खालून तिसरा.”

“असं? मग माझ्याही खाली कोण होतं?”

“पलीकडच्या टेबलावरची आनाही. आणि तो मार्चमध्ये लागलेला नवीन मुलगा.”

“आनाही तर बाळंतपणाच्या रजेवर आहे गं!” तो मोठ्याने हसला. आजूबाजूचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. मग त्याचं हसू ओसरलं. पिशवीची चेन त्याच्याकडून लागेना. बोटं चेनीवरून दोन-तीनदा घसरली. रोसिनाने वाकून ती लावून दिली. “थंडी,” तो म्हणाला, आणि निघून गेला.

त्याच रात्री कोठारात रोजच्या माहितीची नेहमीची भरणी चालली. यामांडू ऑलिव्हेराच्या नोंदीत, ‘पर्यंत’च्या खाली, आपोआप तारीख पडली. सोमवारी सकाळी रोसिनाने ती पाहिली.

मग तिने ते राहिलेलं कोष्टक करायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. घाईची कामं तिने बाजूला सारली आणि कुणी विचारलं तर उत्तरही दिलं नाही. दुसऱ्याच्या कामावर लिहिलेले शेरे, अडलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं, एकत्र बसून काम केल्याच्या नोंदी, असं सगळं खोदून काढत तिने एकेका कामाला त्यात हात असलेली सगळी माणसं जोडली. ऑगस्ट उजाडला तेव्हा ते पुरं झालं. यामांडूचं नाव अकराशे सेहेचाळीस कामांना जोडलं गेलं होतं. यादी नव्या हिशेबाने लावली तर तो वरून दुसरा होता.

हर्मानने तो कागद वाचला, पुन्हा वाचला.

“दार लाव,” तो म्हणाला. तिने दार लावलं. “आता याचं मी काय करू? हे पाठवलं तर ते विचारतील, मग पहिली यादी कुणी दिली? तिच्यावर तुझं नाव आहे आणि माझंही.”

“विचारू देत.”

“माझी दोन मुलं शाळेत आहेत रोसिना.”

“मी पाठवते. तुझं नाव नाही घालत.”

तिने पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. फारच उपयुक्त काम; पुढच्या तिमाहीपासून ‘मदत’ हा निकष सर्वांच्या मूल्यमापनात धरला जाईल; आभार. यामांडूबद्दल एक शब्द नव्हता. महिन्याभरात लोक एकमेकांच्या कामावर ‘छान’ एवढाच शेरा टाकून आपली मदत वाढवायला लागले.

त्याआधी, उत्तर आलं त्याच आठवड्यातल्या शनिवारी, तो कागद घेऊन रोसिना शहराच्या कडेला, सायागोला, यामांडूच्या घरी गेली. दार एलिदाने उघडलं. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, हाताला पीठ लागलेलं.

“तू रोसिना. ये. तो मागे उन्हात बसलाय.” मग तिने आवाज खाली आणला. “हात बघून दचकू नकोस. आता लपवत नाही तो.”

यामांडू खुर्चीत बसला होता आणि त्याचा उजवा हात मांडीवर एकसारखा थरथरत होता.

“दोन वर्षं झाली,” तिच्या नजरेला उत्तर दिल्यासारखं तो म्हणाला. “टाइप करताना एका अक्षराच्या जागी तीन पडायची. मग म्हटलं, आपण शेजारी बसून सांगावं आणि पोरांनी टाइप करावं. बरं चाललं होतं.”

रोसिनाने कागद पुढे केला. त्याने तो डाव्या हाताने गुडघ्यावर दाबून धरला आणि सावकाश वाचला. मधेच एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे बघ, हे आनाहीचं. यात मी काही केलं नाही. तिचे वडील गेले होते. ती दुपारभर रडत होती आणि मी नुसता बसलो होतो.”

“काढून टाकू?”

“नको. राहू दे.”

कागद संपला. त्याने तो चारपदरी घडी घालून तिला परत दिला.

“एक विचारू? यादी कधी काढलीस तू?”

“सोमवारी.”

“आणि मला आत बोलावलं पुढच्या शुक्रवारी.”

“हो.”

“म्हणजे अकरा दिवस.” तो तिच्याकडे न पाहता बोलत होता. “यादीचं मला काही नाही गं. यादी तशीच निघणार होती, हे मी तुला आराखडा काढतानाच सुचवलं होतं. पण तू सांगितलं असतंस, तर मी घरी येऊन एलिदाला स्वतः सांगितलं असतं. नोकरीचं आणि हाताचंही, सावकाश, जेवताना. इथे काय झालं, माहितीय? मी चार दिवस रोज सकाळी थर्मास घेऊन बाहेर पडत होतो आणि संध्याकाळी परत येत होतो. पाचव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, की कंपनीने विम्यातून माझं नाव कमी केलंय, आता औषधांचं काय करायचं? फोन तिने घेतला. तिला हाताचं ठाऊक नव्हतं आणि नोकरी गेल्याचंही. दोन्ही एकदम तिला परक्या बाईच्या तोंडून कळलं.”

आतून तळणीचा वास येत होता. एलिदा गाणं गुणगुणत होती, मधेच थांबत होती.

“माझं चुकलं,” रोसिना म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. रागाने नाही. मग म्हणाला, “आता तू जा पोरी. एलिदा थांब म्हणेल, पण जा.”

एलिदाने थांब म्हटलंच. रोसिनाने बसचं निमित्त सांगितलं. एलिदाने दोन गरम तोर्ता फ्रिता, तळलेल्या जाड पुऱ्या, कागदात गुंडाळून हातावर ठेवल्या. त्या घेऊन ती थांब्यावर उभी राहिली आणि तिथे तिला रडू कोसळलं. शेजारच्या बाईने काही न विचारता तिला बाकावर सरकून जागा करून दिली.

वसंतात ती दोघं घर आवरून पायसांदूला लेकीकडे राहायला गेली, असं तिला आनाहीकडून कळलं. रोसिनाने दोनदा पत्र लिहिलं. पहिल्यात फार समजावणं होतं. ते तिने फाडलं. दुसऱ्यात नेमकं तेवढंच लिहिलं: कुठल्या दिवशी तिला काय माहीत होतं, आणि ती का बोलली नाही. भिऊन, असं तिने लिहिलं. दुसरं कारण तिला सापडलं नाही.

उत्तर डिसेंबरात, तिकडच्या उन्हाळ्यात, आलं, एलिदाच्या अक्षरात. पायसांदूला उकाडा फार आहे, नदीकाठी संध्याकाळी बरं वाटतं, कुत्रा म्हातारा झालाय, असं काय काय होतं. शेवटी लिहिलं होतं: त्याला आता स्वतः वाचता येत नाही, कागद हलतो. मीच त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.