टाकीमागची पिशवी

गावात तिला सगळे टकळी म्हणत, कारण झोप सोडली तर तिची जीभ कधी थांबत नसे. आणि आज बघा, घरी आली ती अवाक्षर न बोलता दारामागेच उभी! आपली पिशवी खिळ्याला अडकवायला हात वर गेला, तो तिथेच राहिला.

फळांच्या कोल्ड स्टोरेजची किल्ली मामाने, म्हणजे तिथल्या मुकादमाने, तिच्यावर सोपवली होती. दाराची आतली कडी मोडलेली, आतून दार उघडता येत नसे, म्हणून रीत ठरलेली: आत जाणाऱ्याने पिशवी बाहेरच्या खुंटीवर टांगायची. खुंट्या रिकाम्या दिसल्या की कुलूप घालायचं. पण परमुलखातली माणसं कामाला आली आणि गावातल्या पोरापोरींचं डोकं फिरलं. आमच्या पोटावर पाय दिला म्हणे यांनी! "काय पाहुणे, निघायचं कधी?" म्हणून येताजाता चिडवायचे. त्यातच टकळीने टूम काढली, "यांच्या पिशव्या आपल्या खुंट्यांवर नकोत बाई, वास मारतात." काय टाळ्या पडल्या तेव्हा! त्या दिवसापासून पाहुण्यांच्या पिशव्या पाण्याच्या टाकीमागे पडू लागल्या.

आज खुंट्या रिकाम्या बघून तिने कुलूप घातलं, आणि निघताना टाकीमागे एक निळी पिशवी दिसली होती. लांब्याची, पाहुण्यांतल्या त्या सगळ्यात उंच गड्याची. विसरला वाटतं बावळट, म्हणून ती हसलीसुद्धा होती.

मामा माल घेऊन शहरात गेलेला. तिने मैत्रिणीला फोन लावला.

"अगं, लांब्या आत कोंडला गेलाय बहुतेक. चल ना माझ्याबरोबर."

"वेड लागलंय का? एवढा धिप्पाड माणूस, बाहेर आला की तुलाच धरेल," मैत्रीण म्हणाली. "राहू दे आत. तेवढाच एक पाहुणा कमी!" आणि खुशाल हसली.

काल हेच टकळी बोलली असती. आज तिने फोन कापला.

तिने सायकल दामटली. मेला असला तर? आणि जिवंत असला, चवताळलेला असला तर? दाराशी पोचल्यावर तिने कोपऱ्यातली पहार उचलून काखेत धरली आणि मगच कुलपाला हात घातला.

दार उघडलं. पेट्यांच्या रांगेमागे लांब्या उभा होता, अंगाला गोणपाट गुंडाळून, ओठ काळेनिळे.

"वाचला गं बाई!" म्हणत ती रडायलाच लागली.

पण तो बाहेर येईना. पहारीकडे बघत तो मागे सरकला, पार आतल्या गार भिंतीला टेकला आणि त्याने दोन्ही हात वर केले. दात कडकड वाजत होते.

"ताई, मी काही केलं नाही," तो म्हणाला. "बाहेर किती जण आहेत?"

"कुणी नाही रे! मी एकटीच आहे."

त्याला ते खरं वाटलं नाही. तिने पहार फेकली, तरी तो हलला नाही. शेवटी ती दारापासून लांब, थेट टाकीपर्यंत मागे गेली, तेव्हा कुठे तो बाहेर आला.