डाव्या पायाचं जोडवं

"ती उठून चालायला लागली तर मला फोन कर," असं माझ्या थोरल्या दिरांनी, पोपटरावांनी, मला बजावलं आणि गाडीला किक मारून ते सोसायटीच्या मीटिंगला गेले. ती म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ साखरबाई. पुण्यात तिच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून तिला नुकतंच निमोण्याला आणलं होतं.

निघताना तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. म्हणून महिनाभर रोज पोटात इंजेक्शन, आणि चालणं. जाऊबाईला चालणं काय शिकवायचं? अख्खा जन्म कांद्याच्या वाफ्यांत गेलेला. घरी आल्या आल्या ती हळूहळू गोठ्यापर्यंत जाऊन आली.

तेवढं रस्त्यावरच्या कुणीतरी पाहिलं. पोपटरावांनी ऑपरेशन झालेली बायको गोठ्यात जुंपली, अशी चर्चा पारावर झाली. माजी सरपंचाला ते कसं सोसणार! लगेच पुढच्या खोलीत कॉट आली, नवी चादर आली. भेटायला माणसांची रीघ, शहाळी, बिस्किटांचे पुडे. कुणी आलं की जाऊबाईनं आडवं व्हायचं, उठली तर मी फोन करायचा. पोटावरचे इंजेक्शनचे काळेनिळे डाग बघून नणंद हळहळली, तर भावजींनी इंजेक्शनही बंद केलं. बायकोवर त्यांचं प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं मेलं, पण ते चार लोकांना दिसावं लागायचं.

मी भांडले. डॉक्टरांनी सांगितलेल्याची आठवण करून दिली.

"डाक्टरला गावात ऱ्हायचं न्हाई," भावजी म्हणाले. "मला हाय."

एका दुपारी जाऊबाई म्हणाली, "सुषमा, ह्या डाव्या पायातलं जोडवं लई रुततंय गं. काढ की."

पाय पोटरीपासून सुजला होता, हाताला गरम लागत होता. उजवा होता तसाच. मी साबण लावून जोडवं काढलं, तर सवाष्णीचं जोडवं काढलं म्हणून नणंदेनं माझ्यावर तोंड सोडलं. मी भावजींना फोन करून शिरूरला न्यायला गाडी मागितली. पण संध्याकाळी कारखान्याचे संचालक भेटायला यायचे होते. सकाळी नेऊ म्हणाले.

संचालक चहा पीत होते तेव्हाच जाऊबाईचा हात छातीवर गेला. श्वास पुरेना. शिरूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा पाय दाबून पाहिला. इंजेक्शन चालू होतं का, तिला रोज चालवत होता का, असं विचारलं. भावजींना समजलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

अहेव गेली म्हणून बायकांनी तिला हिरवा चुडा भरला, मळवट भरला. काढलेलं जोडवं घालायला मी पायाशी बसले. उजवं पायात होतंच. डावं जाईना. तेल लावलं, तरी जाईना.

मागं कुणीतरी म्हणालं, "कायबी म्हणा, पोपटरावांनी बायकोचा पाय भुईला लागू दिला न्हाई."

भावजी खांबाला टेकून उभे होते. त्यांनी व्हय म्हणून मान हलवली.

मी जोडवं मुठीत घेतलं आणि तिच्या पावलावर लुगडं ओढलं.