गुलाबी कड

माझा दादा नोकरीत असताना नकाशे काढायचा. भूमापन खात्यात तीस वर्षं टाक आणि शाई, आणि पुढे कॉम्प्युटर. निवृत्त झाल्यावर त्याने एका जुन्या युद्धाच्या खेळासाठी चित्रं काढायला घेतली. तो खेळ बनवणाऱ्यांनी केव्हाच वाऱ्यावर सोडला होता, पण खेळणारे मात्र अजून शे-दोनशे उरले होते. खेळाची जमीन छोट्या छोट्या चौकोनांची, म्हणजे टाइल्सची. शेत, टेकडी, किल्ला, दलदल, प्रत्येकाची वेगळी टाइल. दादा त्या नव्याने रंगवून या खेळणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या फोरमवर फुकट द्यायचा आणि लोक त्याला तिथे ‘मास्तर’ म्हणायचे. वहिनी म्हणायची, “घरात कुणी विचारत नाही, तिकडे मास्तर.”

यंदा त्याने दलदलीच्या त्रेसष्ट टाइल्स काढल्या. आठ महिने लागले. त्या फोरमवर टाकल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा मला दुकानात फोन आला. मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि दुपारी गर्दी असते हे त्याला माहीत आहे, म्हणून एरवी तो कधी त्या वेळी फोन करत नाही.

“बारके, रविवारी येशील? लोक माझी चेष्टा करतायत. म्हणे लव्हाळ्यांना गुलाबी कड आहे.”

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, पण त्याच्यासाठी बारकीच.

रविवारी गेले. त्याने खेळ सुरू करून ठेवला होता. पडद्यावर दलदल पसरलेली, काळपट पाणी, त्यात हिरवी लव्हाळी, आणि प्रत्येक पात्याभोवती गुलाबी रेघ. जखमेच्या कडेला असते तशी.

“कुठे आहे, दाखव,” तो म्हणाला.

मी बोट ठेवलं. त्याने मान वाकडी केली, चष्मा काढला, परत घातला.

“तिथे तर हिरवंच आहे.”

मी वहिनीकडे पाहिलं. ती दारात उभी होती. “मला दिसलं होतं,” ती हळूच म्हणाली. “मला वाटलं, फुलं काढलीत. म्हणून बोलले नाही.”

दादाने खेळ बंद केला.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला आणि आम्हाला समजावलं: त्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. रंग आधी जातात, मग बारीक रेषा. कडेचं दिसत राहील.

“उपाय?” मी विचारलं.

“वेग थोडा कमी करता येईल. गेलेलं परत येणार नाही.”

दादाने एकच विचारलं, “किती दिवस काम करता येईल?” डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “रविवारी ये. त्रेसष्ट दुरुस्त करायच्यात.”

त्या रविवारी त्याने मला सगळी भानगड सांगितली. त्या जुन्या खेळात चित्रामागची मोकळी जागा एका ठरावीक भडक गुलाबी रंगाने भरायची. खेळ तो रंग दिसला की तिथे काहीच नाही असं समजतो आणि खालची जमीन दाखवतो. पण रंग अगदी तोच हवा. त्यात किंचितही हिरवं मिसळलं तर खेळाला तो साधा रंग वाटतो आणि गुलाबी तसाच दिसतो. दादाच्या नकळत कॉम्प्युटरवरचा ब्रश मऊ कडेचा झाला होता. प्रत्येक पात्याच्या काठाला हिरवा आणि गुलाबी एकमेकांत उतरले होते. पूर्वी त्याला हे लगेच दिसलं असतं.

“चित्र बारीक ठिपक्यांचं असतं, काठाचे ठिपके एकेक करून बघायचे. पात्याचा असेल तो हिरवा कर, हवेचा असेल तो शुद्ध गुलाबी.”

“आणि कुठला कुणाचा, ते कसं कळणार?”

“मी सांगतो ना.”

पण त्याला दिसतच नव्हतं. मी मोठं करून दाखवलं, इतकं मोठं की एकेक ठिपका बोटाएवढा झाला, तरी तो म्हणायचा, “मधोमध धुकं आहे.” मग तो डोळे मिटून आठवणीने सांगू लागला. “हे पातं उजवीकडे झुकलंय. टोकाला एकच ठिपका, त्याच्या खाली दोन.” मी तसं करायचे आणि टोक खिळ्यासारखं ताठ दिसायचं. पुसून परत. डोळ्यांत तेल घालून बसले, तरी संध्याकाळपर्यंत एकच टाइल झाली. तीही बरी नव्हती.

“कशी झालीय?” त्याने विचारलं.

“ठीक आहे.”

“म्हणजे बिघडलीय.”

माझ्या हाताला ते येणार नव्हतं. त्याच्या डोळ्यांना दिसणार नव्हतं. आम्ही दोघं एका टेबलापाशी बसून एकमेकांच्या काही कामाचे नव्हतो. शेवटी त्यानेच सांगितलं, “फोरमवर लिही. खरं काय ते लिही.”

मी लिहिलं. तासाभरात उत्तरांची रीघ लागली. ‘घुबड’ नावाने लिहिणाऱ्या एकाने कळवलं, मास्तरांना त्रास नको, मी छोटा प्रोग्राम लिहितो. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या टाइल्स दुरुस्त करून पाठवल्या. गुलाबी पार गेला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आभार मानले. कुणी वाईट वागलं नाही, हे मला सांगायलाच हवं.

दादाने मला बोलावलं. “खेळ लाव आणि बघून सांग. पाती वाऱ्याने वाकल्यासारखी दिसतात ना?”

मी पाहिलं. प्रोग्रामने गुलाबी मिसळलेला प्रत्येक ठिपका उडवला होता. बारीक टोकं तर सगळी अशाच ठिपक्यांची होती. लव्हाळ्यांचे नुसते बुडखे उरले होते, कुणी कापून नेल्यासारखे.

खोटं बोलावं असं फार वाटलं. वहिनी मला डोळ्यांनी तेच सांगत होती.

“नाही, दादा,” मी म्हणाले. “टोकं गेलीत.”

“सगळ्यांची?”

“सगळ्यांची.”

त्याने खुर्ची पडद्यापासून मागे सरकवली. मग म्हणाला, “लोकांना चालतंय ना?”

“चालतंय.”

“मग त्यांना काही कळवू नकोस. बिचाऱ्याने मदत केलीय.”

मी अजून दर रविवारी जाते. मूळच्या टाइल्स उघडते आणि एकेक पातं काढून बघते. तो शेजारी बसतो, आता पडद्याकडे बघतही नाही, फक्त ऐकतो. दोन महिने झाले. एकही पातं त्याच्या पात्यांसारखं वाकलं नाही.

“जमलं?” तो विचारतो.

“नाही.”

“बरं,” तो म्हणतो, आणि आम्ही पुढचं पातं घेतो.