जड गोळीचा खुराक

अमेरिकेतल्या आर्कन्सॉच्या रानात हरणावरचा नेम चुकला की शिकाऱ्यांच्या लाकडी कॅम्पवर त्या माणसाच्या शर्टाचं मागचं शेपूट कापून भिंतीला ठोकतात. हॉइटची शेपटं इतकी झाली होती की कॅम्पच्या फटींतून वारा यायचा बंद झाला होता. गेल्या थंडीत तर एका पाहुण्याने पडदे म्हणून त्यांचं कौतुक केलं.

त्या पडद्यांनी हॉइट पेटला. यंदा त्याने चांगल्या जड गोळ्या आणल्या आणि गॅरेजात बसून काडतुसं भरायला घेतली. बायको वेल्डा पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"एवढी दारू कशाला ओततोयस?"

"गोळी जड, तर दारू जास्त. मोठं खेचर जास्त चारा खातं की नाही?"

"काडतुसं भरायच्या पुस्तकात बरोबर उलटं आहे. जड गोळी जागची चटकन हलत नाही, मागे दाब कोंडतो. म्हणून तिला दारू कमी."

"ती पुस्तकं वकिलांनी लिहिलीत गं! भित्री जात."

"आणि बंदूक तोंडावर फुटली तर?"

"तर हरीण हसून हसून मरेल."

वेल्डाला हसू आलं नाही. उभ्या संसारात तिने त्याच तोंडासमोर बसून न्याहारी केली होती. तोंड काही देखणं नव्हतं, पण आता दुसऱ्याची सवय कोण करणार?

दुपारी हॉइट चाऱ्याच्या दुकानात फुशारक्या मारायला गेला. वेल्डाने दार लावलं. वडिलांच्या हाताखाली तिने लहानपणी ढीगभर काडतुसं भरली होती. हॉइटने कधी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं. एकेक काडतूस ठोकून तिने गोळी सुटी केली, दारू ओतून दिली, पुस्तकातल्या मापाने पुन्हा भरलं आणि डबा होता तसा ठेवला.

शिकारीच्या पहिल्याच सकाळी हॉइटने हरीण पाडलं.

संध्याकाळी वेल्डा मक्याचा पाव घेऊन कॅम्पवर पोचली, तेव्हा गोष्ट ऐन रंगात होती. चिली नावाच्या तिखट रश्शाच्या पहिल्या वाडग्याला हरीण ओढ्यापलीकडे होतं, तिसऱ्याला डोंगरापलीकडे गेलं. आणि बार? "त्या आवाजाने," हॉइट म्हणाला, "पलीकडच्या गावातल्या कोंबड्यांनी उकडलेली अंडी घातली!"

वेल्डाचा भाऊ ओडेल पुढे सरकला. "हॉइट, दारूचं माप सांग. उद्या आम्हीही तसंच भरतो."

"हो, सांग, सांग!" सगळं टोळकं ओरडलं.

वेल्डाचा हात पावावरच थबकला. नवऱ्याला जन्मात पहिल्यांदा टाळ्या पडत होत्या. पण उद्या ओडेलचा डोळा गेला तर? तिने सुरी खाली ठेवली.

"त्या काडतुसांत हॉइटचं माप नव्हतंच. मी ती ओतून पुस्तकातलं भरलं होतं."

हॉइटचे कान लाल झाले. ओडेलने हसत कात्री काढली.

"अरे, हरीण लागलंय!" हॉइट भिंतीला पाठ लावून ओरडला. "नियम नेम चुकल्याचा आहे!"

"नेम नाही, अक्कल चुकली," ओडेल म्हणाला. "वळ."

वेल्डाने त्याच्या हातातून कात्री घेतली. "तो वळेलच. पण ते माप कोणकोण मागत होतं? तुम्हीही वळा. ओडेल, आधी तू."

त्या रविवारी चर्चात प्रार्थनेला वाकताना अर्ध्या बाकांवर शेपूट कापलेल्या शर्टांखालच्या पाठी उघड्या पडल्या. पाद्रीबाबाला वाटलं, कसला तरी नवा पंथ निघालाय.

घरी आल्यावर हॉइट जेवायला बसला. मग म्हणाला, "माझं माप असतं तर हरीण भाजूनच खाली आलं असतं."

"आणि तू?"

त्याने मऊ पावावर रस्सा ओतला, सावकाश खाल्लं, आणि गोळ्यांचा डबा टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"उरलेली काडतुसं तूच भर. फक्त चिमूटभर जास्त..."

"हॉइट."

"बरं बाई. नको."