लार्टरच्या पायाशी

"तुझ्या आजीला वाटतं म्हणून मी कुणाच्याही कबरीवर दगड बसवू देऊ? पुरावा आण!"

"पुरावा तुमच्या त्या लोखंडी कपाटातच आहे. उघडा की! का आत बिस्किटं लपवलीयत?"

"टोबी, जीभ आवर," आजी म्हणाली. पण हळूच म्हणाली. म्हणजे कपाट तिलाही उघडायला हवं होतं.

मिस लार्टर ही आमच्या गावच्या चर्चची कारभारीण. वय चौऱ्याहत्तर, पाठ अजून ताठ, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. मी शाळा सोडून टर्की कोंबड्यांच्या कारखान्यात लागलो, तेव्हापासून ती माझ्याकडे बघते ती गालिच्यावर चिखलाचे बूट दिसल्यासारखी.

आजीचं मागणं वीतभर होतं. मॉब्सबाईंच्या कबरीच्या पायथ्याशी एक छोटा दगड हवा. त्यावर नाव नको, फक्त 'आणि एक मूल'. आणि आजी गेली की तिला त्या मुलाशेजारी ठेवायचं. डॉक्टरांनी ऑक्टोबरपर्यंतची मुदत दिली होती. पोटात गाठ.

त्रेसष्ट सालच्या जानेवारीत आजीला मुलगी झाली. रडलीच नाही. असल्या मुलांना तेव्हा बाप्तिस्मा नव्हता, प्रार्थना नव्हती, कबर नव्हती, चर्चच्या वहीत ओळ नव्हती. नर्सनं टॉवेलात गुंडाळली आणि स्टॅन, माझे आजोबा, तिला सायकलवरून क्यूबिट सुताराकडे घेऊन गेले. गावातल्या शवपेट्या क्यूबिटच करायचा. त्या आठवड्यात ज्याला पुरायचं असेल त्याच्या पेटीत, पायाशी, तो असलं मूल ठेवून द्यायचा आणि झाकण ठोकायचा. अख्ख्या गावाला माहीत, बोलायचं मात्र कुणी नाही.

आजोबा परत आले, टोपी काढली आणि म्हणाले, "चांगल्या माणसाबरोबर ठेवलीय, एडना." त्यावर पुढे कधी एक शब्द नाही.

त्याच आठवड्यात लहान मुलांच्या शाळेतल्या मॉब्सबाई वारल्या. कुणी गेलं की वाजते ती चर्चची घंटा आजीनं अंथरुणातून ऐकली. मग ठरलंच, मूल बाईंच्या पेटीत. साठ वर्षं ती त्या कबरीवरचं गवत स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापत आली. बीट काढायच्या दिवसांत, कंबर मोडलेली असली तरी. एकदा मला म्हणाली होती, "बाईंनी एव्हाना तिला वाचायला शिकवलं असेल."

तर मिस लार्टरनं शेवटी कपाट उघडलं. मी एवढा ओरडलो होतो की बाहेर फुलं लावणाऱ्या बायका आत डोकावायला लागल्या होत्या. त्यांनी जावं म्हणूनच उघडलं असेल.

पुरल्याची वही जाडजूड. एका पानावर आठ माणसं. नाव, घर, तारीख, वय, पाद्र्याची सही. संपलं. आजीच्या डोळ्यांना मधलं काही दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे.

"मॉब्स, ॲग्नेस. वय एकाहत्तर." मी मिस लार्टरकडे असं बघितलं, की आता बोला. मग तारीख बघितली आणि थांबलो.

"वाच की."

"चौदा मार्च."

"कसला मार्च? जानेवारी असेल. घंटा मी या कानांनी ऐकलीय."

"घंटा गेल्याची होती, एडना," मिस लार्टर म्हणाली. "पुरल्याची नव्हे. त्या वर्षी जमीन दगड झाली होती. कुदळ परत उडायची. बर्फ वितळेपर्यंत बाईंची पेटी क्यूबिटच्या शेडमध्ये होती."

"मग काय झालं? मूल बाईंच्याच पेटीत असेल ना," मी म्हटलं. "शेडमध्ये का असेना."

मिस लार्टरचं बोट वहीवर एक ओळ वर सरकलं. मी वाचलं. "लार्टर, होरेस. वय अठ्ठावन्न. एकतीस जानेवारी."

तिचा बाप.

"आईसाठी विटांचं थडगं आधीच बांधलेलं होतं," ती म्हणाली. "खणायची गरजच नव्हती. वरची फरशी उचलली की झालं. त्या महिन्यात फक्त तेच उघडलं." मग ती खुर्चीवर बसली. मी तिला बसलेली पहिल्यांदाच बघत होतो. "झाकण लावताना मी तिथं होते. चौदा वर्षांची. बाबांच्या पायाशी टॉवेलात काहीतरी होतं. मी विचारलं, तर आत्या म्हणाली, त्यांचे बूट आहेत."

"आणि तुम्हाला पटलं?"

"पटवून घेतलं."

बाहेरच्या बायका दाराशी येऊन टेकल्या होत्या.

होरेस लार्टर म्हणजे कोण, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. आजोबा त्याच्या शेतावर होते, घरही त्याच्याच मालकीचं. छप्पर गळतं, एवढं आजोबा बोलले, तर सप्टेंबरात त्यानं सामान रस्त्यावर काढलं. आजी तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी. तो सगळा हिवाळा दोघांनी मोडीत काढलेल्या रेल्वेच्या डब्यात काढला. आतून भिंतींना बर्फ धरायचा.

माझं डोकं फिरलं. "तुमच्या बापानं तिला मारली आणि वर स्वतःच्या पायाशी..."

"गप," आजी म्हणाली. "ऐकलंस ना? ती चौदा वर्षांची होती." मग ती वहीच्या कडेला बोट घासत राहिली. "स्टॅनला माहीत होतं. म्हणून तो कधी चर्चच्या फाटकाच्या आत आला नाही. मी म्हणायची, आळशी आहे मेला."

ती उठली. मी हात दिला तर झिडकारला. मॉब्सबाईंच्या कबरीवरून पुढे जाताना थांबली नाही. लार्टरांच्या थडग्याभोवती लोखंडी कठडा आहे, कुलूपबंद. मिस लार्टर मागून धावत आली आणि जुडग्यात किल्ली शोधायला लागली.

"राहू दे. त्याच्या घरात मला जायचं नाही," आजी म्हणाली. "पाय कुठल्या बाजूला?"

"पूर्वेला. इकडे."

"मग मला इथं ठेवा. कठड्याच्या बाहेर."

"एडना, इथून वाट जाते. फरशा आहेत."

"वाट हलवता येते. तुझ्या बापानं आमचं घर हलवलं होतं."

मिस लार्टरनं मान खाली घातली. मग एकदाच हलवली.

"आणि मॉब्सबाईंचं गवत?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"तू काप. त्यांचा काय दोष?"

आजी मुदतीच्या आधीच गेली, सप्टेंबरच्या शेवटी. चर्चच्या वरच्या लोकांकडून परवानगी मिस लार्टरनंच आणली. कशी, ते सांगितलं नाही. फरशा तिनं स्वतः उचलल्या, गुडघ्यांवर बसून, पहारीनं. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "लांब राहा." तरी मी गेलोच. दोघं मिळून अकरा फरशा काढल्या.

काल खड्डा खणला. चार फुटांवर एका अंगाला विटा लागल्या, थडग्याची भिंत. खणणारा वर बघून म्हणाला, "बाई, थोडं सरकून घेतो."

"नाही," मिस लार्टर म्हणाली. "भिंतीला लागूनच."

तो जेवायला गेला तेव्हा मी खाली उतरलो. विटा ओल्या होत्या, चुना सुटलेला. पलीकडे आमचं माणूस आहे आणि मधे एक वीट. मी हात टेकवला. मग मूर्खासारखं बोटानं दोनदा वाजवलं.

गाडी फाटकाशी आलीय. खांदा द्यायला चौघं हवेत आणि तिघं जमलेत, तिघंही सत्तरीच्या पुढचे. माझ्या नावानं हाका चालल्यात. मला निघायला हवं.